कोरेगावचे नारायण हरी आपटे

चांगला चित्रपट म्हटला की आपण नटनट्यांची नावे घेतो, फार तर दिग्दर्शकाचे. गोष्ट लिहिणारा मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून मी येथे आपल्याच भागातल्या एका गोष्ट लिहिणाऱ्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

नारायण हरी आपटे यांचा जन्म १८८९ साली सांगलीजवळच्या समडोळीचा. पुढे ते सातारा जिल्ह्यात कोरेगावला स्थायिक झाले आणि १९७१ साली तेथेच वारले. ‘अजिंक्यतारा’ ही त्यांची ऐतिहासिक कादंबरी. ‘प्रभात’चा ‘अमृतमंथन’ (१९३४) त्यांच्याच कादंबरीवरून निघाला. पण माझे मन अडकते ते १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये.

हा मूकपट कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी काढला. गोष्ट आपट्यांची. सावकाराच्या खोट्या कागदांपायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. ही भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली. देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याला फारसा आश्रय दिला नाही. मला याचे नवल वाटत नाही. आपलेच दुःख तिकीट काढून कोण बघणार? तरीही ते दाखवायला हवे होते, असे मी म्हणतो. आमच्या घरात सातबारा आणि गहाणखत हे शब्द मी मुळाक्षरांच्या आधी ऐकले. आजोबांची दीड एकर अंगठ्याच्या एका ठशावर गेली.

‘न पटणारी गोष्ट’ या त्यांच्या कादंबरीवरून शांतारामांनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांची कामे अप्रतिम आहेत, आणि पार्श्वसंगीत नसल्याने घड्याळाची टिकटिकही अंगावर येते. शेवट मात्र मला पटत नाही. काकासाहेब जीव देऊन नीरेला मोकळी करतात. मग ती झगडली त्याचे फळ काय? असो.

स्वतंत्रपणे चित्रपट काढू पाहणाऱ्यांना आज मोबाईलवरही चित्रण करता येते. बाबूरावांना कॅमेरासुद्धा स्वतः बनवावा लागला होता. अडते ते गोष्टीपाशी. आजोबांना विचारून मी त्या दीड एकराची हकीकत वहीत उतरवायला घेतली आहे. दिवाळीपासून चाळीस पाने झाली. अजून तलाठी यायचा आहे.