श्वास मोजणारा माणूस : स्वामी कुवलयानंद

आमचं घर सुरतला, उधन्यात. गाव मात्र अमळनेरकडचं. आजोबा, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आले आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षं लूमवर राहिले. धाग्याची बारीक धूळ रोज नाकातोंडात. आता दोन जिने चढले की मध्येच थांबतात, आणि कोणी बघतंय का ते बघून खोकतात.

दोन वर्षांपूर्वी आबांनी टीव्ही बघून प्राणायाम सुरू केला. त्यांचं गणित साधं होतं : जितका जोरात श्वास तितका जास्त ऑक्सिजन, आणि जितका ऑक्सिजन तितकी फुफ्फुसं दुरुस्त. एका सकाळी असाच भराभर श्वास घेता घेता त्यांना गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या आणि ते भिंतीला टेकून बसले. डॉक्टरांनी सांगितलं की ऑक्सिजन कमी पडला नव्हता. उलट जोरजोरात श्वास सोडल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका उतरला होता. आबांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात शोधाशोध केली आणि एक नाव सापडलं. प्राणायामाने ऑक्सिजन किती वाढतो, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने यंत्रं लावून तपासला होता. तो माणूस आमच्याच अमळनेरला मास्तर होता! त्याचीच ही गोष्ट.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातेत, बडोद्याजवळच्या डभोईला झाला. घर मराठी, परिस्थिती बेताची. शिक्षण कष्टात झालं, पण मुलगा हुशार. 1903 साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बडोदा कॉलेजात दाखल झाले. सयाजीरावांचं ते बडोदं होतं. अरविंद घोष तेव्हा त्याच कॉलेजात शिकवत होते. त्यांचा आणि टिळकांच्या राजकारणाचा या तरुणावर खोल परिणाम झाला. लग्न करायचं नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते पाळलं.

पण देशाचं काम म्हणजे नेमकं काय? गुण्यांना त्याचं पहिलं उत्तर आखाड्यात मिळालं. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्राध्यापक माणिकराव तरुणांना घडवत होते. गुणे 1907 ते 1910 या काळात त्यांच्याकडे शिकले. शरीर ही अभ्यास करण्याजोगी गोष्ट आहे, नुसती झिजवण्याची किंवा विसरण्याची नाही, हा धडा तिथला.

नंतर ते अमळनेरला आले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि खानदेश जोडले गेले होते. बडोद्याहून अमळनेरला जायचं तर वाट सुरतवरूनच. ज्या रुळांवरून आबा कामाच्या शोधात इकडे आले, त्याच रुळांवरून गुणे मास्तर तिकडे गेले असणार. प्रताप शेठांच्या दातृत्वामुळे अमळनेरला तेव्हा विद्येचे दिवस होते. तत्त्वज्ञान मंदिर तिथलंच. गुणे खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवू लागले आणि पुढे राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या तिथल्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्रज सरकारच्या काळात असं महाविद्यालय किती दिवस टिकणार? 1923 मध्ये ते बंद पडलं. पुढच्याच वर्षी साने गुरुजी अमळनेरला शिक्षक म्हणून आले. दोन मास्तरांची चुकामूक झाली.

महाविद्यालय बंद पडण्याच्या आधीच गुण्यांच्या आयुष्याला वळण लागलं होतं. नर्मदेच्या काठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदास महाराज हे वृद्ध बंगाली योगी राहत. 1919 च्या सुमारास गुणे त्यांच्याकडे गेले आणि आसनं, बंध, प्राणायाम शिकले. 1921 मध्ये महाराज गेले.

इथे दुसरा कोणी असता तर गुरूंची गादी चालवत बसला असता. गुण्यांच्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. हठयोगाच्या ग्रंथांत वायू वर चढतो, खाली उतरतो असं म्हटलंय, पण शरीरात खरोखर काय हलतं? ते बघण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात क्ष-किरण यंत्राची मदत घेतली. योगाची क्रिया चालू असताना शरीराच्या आत डोकावणं हा त्या काळात जगावेगळा उद्योग होता.

तो समजायचा तर आधी श्वास कसा चालतो ते थोडक्यात बघू.

आपल्याला वाटतं फुफ्फुसं हवा ओढतात. पण फुफ्फुसांना स्वतःचे ओढणारे स्नायू नसतात. उजवं तीन खंडांचं आणि डावं दोन खंडांचं, अशी ही दोन स्पंजासारखी इंद्रियं छातीच्या पिंजऱ्यात असतात. पिंजऱ्याचा तळ म्हणजे श्वासपटल, घुमटासारखा एक पातळ स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होतो, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, छातीतली पोकळी वाढते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग हवा आपणहून आत शिरते. नाकात ती गाळली जाते, ओली आणि गरम होते. घशातून, स्वरयंत्रातून, श्वासनलिकेतून ती खाली जाते. तिथे दोन फाटे फुटतात, प्रत्येकाला आणखी दोन, असे सुमारे तेवीस वेळा. शेवटी द्राक्षांच्या घोसांसारखे वायुकोश. दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते सुमारे 30 कोटी असतात आणि उलगडून पसरले तर बॅडमिंटनचं कोर्ट जवळजवळ झाकतील. त्यांच्या अतिशय पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

आता गुण्यांनी तपासलेला उड्डियान बंध बघा. सगळा श्वास बाहेर सोडायचा, घशातलं दार बंद ठेवायचं आणि हवा न घेता छाती मात्र श्वास घेतल्यासारखी फुलवायची. पोकळी वाढते, पण हवेला वाट नाही. छातीतला दाब उतरतो, सैल पडलेलं श्वासपटल वर खेचलं जातं आणि त्याच्यामागे पोट आत खोल जातं. ग्रंथांनी ज्याला पक्ष्याचं वर उडणं म्हटलं, ते क्ष-किरणांत श्वासपटलाचं वर जाणं म्हणून दिसलं.

नौलीचंही तसंच. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात पाणी वर ओढलं जातं, हे योगी पिढ्यानपिढ्या करत आले होते. गुण्यांनी दाबमापक लावून पाहिलं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला होता, म्हणून पाणी वर चढत होतं. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं : माधवदास निर्वात. मला ही गोष्ट फार आवडली. चमत्कार म्हणून सांगितली जाणारी गोष्ट त्यांनी यंत्राला जोडली, आणि तिला गुरूंचं नाव देऊन गुरूंचाही मान राखला.

ऑक्टोबर 1924 मध्ये, विजयादशमीच्या सुमारास, लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं. योगावरचे प्रयोग, आकडे, छायाचित्रं आणि क्ष-किरणचित्रं त्यात छापली जात. गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे नीलकमळ. संस्कृत घेतलेल्या मित्रांना हे नाव अप्पय्य दीक्षितांच्या अलंकारग्रंथामुळे ओळखीचं असेल. नाव काव्यशास्त्रातलं, खोलीत मात्र नळ्या आणि दाबमापक!

आणि इथे येतो आबांचा प्रश्न.

त्या काळात पश्चिमेकडे दीर्घश्वसनाचा बोलबाला होता. खोल श्वास घ्या, भरपूर ऑक्सिजन मिळवा, निरोगी राहा. आपल्याकडचे लोक म्हणू लागले की आमचा प्राणायाम म्हणजे हेच, आणि ते आम्हाला हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. कुवलयानंदांना ही टाळी सहज घेता आली असती. ते योगाचे प्रचारक होते, संस्था देणग्यांवर चालत होती. पण त्यांनी उच्छ्वासाची हवा तपासली, प्राणायामात शरीराच्या आतले दाब कसे बदलतात ते मोजलं आणि सरळ लिहून टाकलं की प्राणायामाचं मोल जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही. त्यांच्या मते खरं मोल बदलणाऱ्या दाबांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या शिस्तीत होतं. 1931 च्या 'प्राणायाम' या पुस्तकात हा विचार आहे.

आजच्या शरीरशास्त्राकडे बघितलं तर यातलं मर्म कळतं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? श्वास घ्यावासा वाटतो तोही मुख्यतः ऑक्सिजन घटतो म्हणून नाही, तर कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून. मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र तो वायू सतत जोखत असतं. भराभर श्वास सोडून तो फार उतरवला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. आबांना झालं ते हेच.

सावकाश श्वासाचा फायदा वेगळाच आहे. एका साध्या श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा आत येते. त्यातली 150 नळ्यांमध्येच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला असे 12 श्वास घेतले तर आत गेलेल्या 6 लिटरपैकी 4.2 लिटर कामी येतात. तीच 6 लिटर हवा 250 मिलिलिटरच्या 24 उथळ श्वासांत घेतली तर फक्त 2.4 लिटर. धाप लागलेला माणूस कष्ट दुप्पट करतो आणि पदरात कमी पडतं.

कुवलयानंदांचा शब्द शेवटचा होता असंही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले कोवूर बेहनन तीसच्या दशकात लोणावळ्याला येऊन शिकले, प्रयोगासाठी स्वतःच बसले आणि त्यांना काही प्राणायामांत ऑक्सिजनचा खप वाढलेला दिसला. त्यांचं पुस्तक 1937 मध्ये आलं. आकड्यांत मतभेद झाला, आणि तो आकड्यांनीच मांडला गेला. मला वाटतं कुवलयानंदांना हवं होतं ते हेच.

पुढचं आयुष्य कामाने भरलेलं होतं. गांधीजींनी 1927 मध्ये आजारपणात त्यांचा सल्ला घेतला. मुंबईत मरीन ड्राइव्हला केंद्र निघालं. शाळांच्या व्यायामात योगासनं यावीत म्हणून त्यांनी खटपट केली. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्याला योगाचं महाविद्यालय सुरू झालं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णालयही. 1963 मध्ये डॉ. विनेकरांबरोबर योगोपचारावर लिहिलेलं पुस्तक आलं. 18 एप्रिल 1966 रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचा श्वास थांबला.

दिवाळीच्या सुट्टीत मी उधन्याला गेलो तेव्हा हे सगळं आबांना सांगितलं. मास्तर अमळनेरचे होते म्हटल्यावर ते जरा सावरून बसले. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटात पडलं होतं. ते काढून आम्ही प्राणायामाआधी आकडा घेतला : 96. वीस मिनिटं सावकाश श्वास घेतल्यावर पुन्हा घेतला : 96. आबांचा चेहरा थोडा पडला. इतके दिवस केलं ते मग कशासाठी, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की हळू श्वास घ्यायला लागल्यापासून जिन्यात घाबरायला होत नाही आणि रात्री झोप लागते.

फुफ्फुसात बसलेली धूळ काही निघणार नाही, ते डॉक्टरांनी सांगितलंच आहे. औषध चालू आहे, तपासणीही. पण देवघराजवळच्या कॅलेंडरवर आबा आता रोज दोन आकडे लिहितात, आधीचा आणि नंतरचा. बहुतेक सारखेच असतात. तरी लिहितात.