भगवानलाल इंद्रजी

पंडित भगवानलाल इंद्रजी (७ नोव्हेंबर, १८३९ – १६ मार्च, १८८८) हे भारतीय पुराभिलेखविद्येचे आणि नाणकशास्त्राचे एक आद्य अभ्यासक होते. जन्माने ते जुनागढचे. परंतु त्यांचे बहुतेक संशोधन मुंबईत राहून झाले. नाणेघाट, कान्हेरी, सोपारा आणि मालाडच्या उत्तरेकडील आकुर्ली येथील शिलालेखांच्या अभ्यासामुळे महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

== प्रारंभीचे जीवन ==
भगवानलाल यांचा जन्म प्रश्नोरा नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृत आणि आयुर्वेद यांचे अध्ययन त्यांनी घरच्याच वातावरणात केले. इंग्रजी शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या एकाच खडकावर अशोक, महाक्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या तिघांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. हा खडक त्यांच्या गावालगतचाच. जेम्स प्रिन्सेप यांनी सिद्ध केलेला ब्राह्मी अक्षरांचा तक्ता तरुण वयात हाती येताच ते खडकाशी जाऊन एकेक अक्षर ताडून पाहू लागले. गुरूवाचून, केवळ डोळ्यांच्या सवयीने ही लिपी त्यांनी आत्मसात केली.

== भाऊ दाजींच्या सहवासात ==
अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीवरून १८६१ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. वैद्यकीच्या व्यापात गुंतलेल्या भाऊ दाजींना प्रत्यक्ष स्थळी जाऊन लेखांच्या विश्वसनीय प्रती आणणारा माणूस हवा होता. अजिंठ्यापासून मथुरेपर्यंत आणि पुढे नेपाळपर्यंत भगवानलाल यांनी प्रवास केला. भाऊ दाजींच्या नावे प्रसिद्ध झालेल्या अनेक निबंधांचा पाया या प्रतींवर आहे, याचा उल्लेख त्यांच्या चरित्रात टाळता येणार नाही. तथापि दोघांतील स्नेह कायम राहिला, आणि १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाल्यावरही भगवानलाल यांनी मुंबई सोडली नाही.

यानंतरचे त्यांचे कार्य स्वतःच्या नावाने झाले. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे, म्हणजे गाई व कार्षापणे यांचे, आकडे आहेत. त्यांवरून त्यांनी प्राचीन अंकचिन्हांचा उलगडा केला. ओडिशातील हाथीगुंफा लेखातील राजाचे नाव खारवेल असल्याचे त्यांनीच प्रथम ओळखले. त्यापूर्वी ते नाव चुकीचे वाचले जात असे. नेपाळमधील तेवीस लेख त्यांनी गेओर्ग ब्यूलर यांच्या सहकार्याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी जेम्स बर्जेस यांच्यासमवेत पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा संग्रह निघाला.

== सोपारा आणि पडण ==
१८८२ च्या एप्रिलमध्ये वसई तालुक्यातील सोपारा येथे बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन त्यांनी केले. स्थानिक लोक ज्याला कोट समजत होते तो बौद्ध स्तूप निघाला. आतील दगडी पेटीत तांबे, रुपे, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या मंजूषा होत्या. सर्वांत आतील सोन्याच्या मंजूषेत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून पूजिले गेले असावेत. सभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. यज्ञश्री सातकर्णीचे एक रुप्याचे नाणेही सापडले. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना मिळाला, आणि ग्रंथांतील शूर्पारक ते हेच, याला बळकट आधार लाभला.

सोपाऱ्याच्या वृत्तांताबरोबरच त्यांनी पडण टेकडीचे वर्णन प्रसिद्ध केले. मालाड व बोरिवली यांच्या दरम्यान आकुर्ली येथे असलेल्या या काळ्या पाषाणाच्या टेकडीवर पावलांच्या व इतर चिन्हांच्या आकृती आणि त्यांजवळ त्रोटक ब्राह्मी लेख कोरलेले होते. कान्हेरीच्या मोठ्या दानलेखांपुढे हे लेख क्षुल्लक वाटतील. परंतु ज्यांनी लेणी खोदविली नाहीत, ज्यांना केवळ आपली खूण ठेवायची होती, अशांचे हे लेखन आहे. उपनगरातील आजच्या रहिवाशाला तर कान्हेरीइतकेच हेही आपले वाटावे.

== सन्मान आणि अखेर ==
भगवानलाल आपले निबंध गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्यांचे इंग्रजी भाषांतर करीत. त्यामुळे जगाला त्यांचे विचार नेहमी दुसऱ्याच्या शब्दांतून कळले. तरीही लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. मुंबई विद्यापीठाचे ते फेलो होते.

वाळकेश्वर येथील निवासस्थानी वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची नाणी आणि मथुरेत १८६९ मध्ये सापडलेले, खरोष्ठी लेखांनी भरलेले सिंहशीर्ष त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमला गेले. पश्चिमी क्षत्रपांवरील त्यांचा अपूर्ण निबंध ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये छापला. सिंहशीर्षावरील लेखांचे त्यांचे वाचन ब्यूलर यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि गुजरातच्या प्राचीन इतिहासाचा त्यांचा मजकूर १८९६ मध्ये मुंबई गॅझेटियरमध्ये समाविष्ट झाला.