रेकॉर्ड खपल्या नाहीत म्हणून गडी शेतावर परतला, ३५ वर्षांनी त्याच्याच गाण्याने त्याला शोधून काढलं

गोष्ट आहे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली. तिथल्या अॅव्हलॉन नावाच्या बारक्या गावात जॉन हर्ट नावाचा माणूस राहायचा. दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री गावातल्या नाचगाण्यात गिटार वाजवायची, हा त्याचा दिनक्रम. गिटार तो स्वतःच शिकला होता. अंगठ्याने खालच्या सुरांचा ठेका आणि बोटांनी वरची चाल, त्यामुळे एकटा वाजवत असला तरी दोघं वाजवतायत असं वाटायचं. आवाज मात्र एकदम हळू, शेजारी बसून गप्पा माराव्यात तसा.

१९२८ साली ओके रेकॉर्ड्स ही कंपनी नवे कलाकार शोधत होती. विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने त्यांना जॉनचं नाव सुचवलं. फेब्रुवारीत मेम्फिसला आठ गाणी रेकॉर्ड झाली, पण बाजारात आली फक्त दोन. डिसेंबरमध्ये त्याला थेट न्यूयॉर्कला बोलावलं. रेकॉर्ड खपाव्यात म्हणून कंपनीने त्याच्या नावापुढे 'मिसिसिपी' जोडलं. न्यूयॉर्कमध्ये असताना त्याला गावाची आठवण यायला लागली. त्याच आठवणीत त्याने 'अॅव्हलॉन ब्लूज' हे गाणं गायलं.

पण रेकॉर्ड काही चालल्या नाहीत. त्यात १९२९ ची महामंदी आली. जॉन गुपचूप शेतात परतला.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथने जुन्या अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह काढला, त्यात जॉनची दोन गाणी होती. शहरातली पोरं ती ऐकून वेडी झाली. पण हा माणूस आहे कुठे, जिवंत तरी आहे का, कुणालाच माहीत नव्हतं.

१९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुणाने 'अॅव्हलॉन ब्लूज' नीट ऐकलं. पत्ता गाण्यातच होता! नव्या नकाशांत गाव सापडेना, शेवटी जुन्या नकाशात सापडलं. तो तिथे पोहोचला तेव्हा सत्तरीचा जॉन अजूनही शेतातच राबत होता. त्याच्याकडे स्वतःची गिटारही नव्हती. पण टॉमची गिटार हातात घेतली आणि बोटांनी खात्री पटवली.

त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्ट महोत्सवात हजारो लोकांनी त्याला ऐकलं. पुढे कॉलेजं, कॉफीहाऊस, टीव्ही, नव्या रेकॉर्ड असं सगळं झालं. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही त्याची गाणी जतन केली.

पण हे सुख जेमतेम तीन वर्षांचं ठरलं. २ नोव्हेंबर १९६६ ला जॉन गेला. ज्या गावाची आठवण त्याने गाण्यात ठेवली, त्याच अॅव्हलॉनजवळ त्याची कबर आहे. आणि १९२८ मध्ये न खपलेल्या त्या गाण्यांवर आजही जगभरची पोरं गिटार शिकतात.