सागवानी तारू आणि वाफेचे यंत्र

माझगावच्या धक्क्यावरून आग्नेयेकडे पाहिले की करंजाचा डोंगर दिसतो आणि त्याच्या दक्षिणेस रेवस-मांडव्याचा किनारा. आज हा सारा भाग रायगड जिल्ह्यात मोडतो. १८३३ मध्ये त्या बाजूस आंग्र्यांचे कुलाबा संस्थान अजून नांदत होते. पलीकडे जायचे तर मचवा, आणि मचव्याला वारा हवा. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवले जात, ते नारळी पौर्णिमेपर्यंत. वाऱ्याच्या या मिजाशीतून तारवाला सोडवण्याचा ध्यास माझगावातीलच एका पंचविशीच्या पारशी तरुणाने घेतला होता. त्याचे नाव अर्देसर करसेटजी वाडिया.

अर्देसर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि मुंबईची गोदी या घराण्याच्या हाती गेली. मलबारच्या सागाची त्यांची जहाजे ब्रिटिश आरमारात नावाजली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. अर्देसर चौदाव्या वर्षीच गोदीत दाखल झाले. पण घराण्याची सारी प्रतिष्ठा ज्या लाकडावर उभी होती त्यापेक्षा लोखंडाकडे त्यांचा ओढा अधिक.

यंत्राची निवड चुकली की चांगल्या तारवाचीही कशी फरफट होते, हे मुंबईने नुकतेच पाहिले होते. वाडियांनीच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली. प्रत्येकी ८० अश्वशक्तीची तिची दोन यंत्रे इंग्लंडची होती. कोळशाची सोय पाच-सहा दिवसांपुरती आणि एडनचा पल्ला अकरा दिवसांचा. तेव्हा केबिनींतही कोळसा भरावा लागला आणि बोट जवळजवळ पाण्याच्या पातळीला टेकली. यंत्राची ताकद, त्याचे वजन, त्याची भूक आणि तारवाचे पोट यांचा मेळ बसावाच लागतो. एकट्या अश्वशक्तीच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

अर्देसर यांनी आधी स्वतःच्या हातांनी एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे यंत्र घडवले. ते चालले. पुढचा मोह उघड होता: त्याच नमुन्यावर मोठे यंत्र घडवून ते बोटीत बसवणे. पण ‘इंडस’ या सुमारे साठ टनांच्या आपल्या बोटीसाठी त्यांनी दहा अश्वशक्तीचे सागरी यंत्र इंग्लंडहून मागवले. वडिलांनी त्यासाठी साहाय्य केले. १८३३ मध्ये ‘इंडस’ तरंगली. या निर्णयात स्वाभिमानाला मुरड होती, पण समज मोठी होती. जमिनीवरचे यंत्र बंद पडले तर काम थांबते, भर समुद्रात बंद पडले तर बोट खडकावर जाते. शिवाय त्या काळच्या बॉयलरांत समुद्राचेच पाणी वापरत. आत क्षार साचत आणि दाट झालेले पाणी वेळोवेळी बाहेर सोडावे लागे. तयार यंत्र बसवणे, उघडणे, पुन्हा जोडणे, हीच खरी शाळा होती.

१८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. ती पाहण्यास गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले. १८३९ मध्ये अर्देसर स्वतः इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या सीवर्ड कंपनीच्या कारखान्यात त्यांनी काम पाहिले. प्रवास योग्य वेळी घडला. तोवर बोटींत बाजूच्या तरफांची यंत्रे रूढ होती: भरवशाची, पण अवजड आणि जागा खाणारी. सीवर्ड यांनी तरफा काढून दट्ट्याचा जोर सरळ चाकांच्या आसाकडे नेला होता. वजन आणि जागा, दोन्ही वाचली. ‘ह्यू लिंडसे’चे हाल पाहिलेल्या मुंबईकराला याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

२७ मे १८४१ रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता नेमले. हाताखाली सुमारे शंभर युरोपियन कारागीर आणि दोनशेच्या आसपास देशी कामगार. गोऱ्यांवर काळा अधिकारी! ‘बॉम्बे टाइम्स’ने, म्हणजे पुढच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने, एतद्देशीय माणूस कितीही हुशार असला तरी अशा कारखान्याचा भार त्यास पेलणार नाही, अशी शंका छापली. अर्देसर यांनी तो भार सोळा वर्षे वाहिला.

पण ‘इंडस’चे अर्धवट राहिलेले काम त्यांच्या मनातून गेले नसावे. घरीच त्यांनी ओतशाळा उभारली होती. १८४९ मध्ये अमेरिकेस जाऊन लाकूडकामाची यंत्रे आणली. फेब्रुवारी १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे सुटे भाग अर्देसर यांनी स्वतःच तयार केले होते. साठ टनी बोटीसाठी दहा अश्वशक्तीचे यंत्र विकत घेतल्याला तेव्हा अठरा वर्षे होत आली होती. ज्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढ्यांनी साग तासला, त्यांचेच नाव या बोटीला मिळाले.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. १८६१ मध्ये पुन्हा बोलावणे आले, ते सिंधू नदीवरील आगबोटींच्या ताफ्यासाठी. म्हणजे ज्या नदीचे नाव त्यांनी पहिल्या बोटीला दिले होते, तिच्याच पाण्यावर. प्रकृतीने साथ न दिल्याने दोनेक वर्षांत ते काम सुटले. पुढे ते इंग्लंडमध्ये रिचमंड येथे स्थायिक झाले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच निवर्तले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांचे तिकीट काढले.