रोगाचा संसर्ग आणि जातीचा विटाळ

२०२० च्या मार्च महिन्यात शेजारच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात कोरोनाचे वीसहून अधिक रुग्ण निघाले आणि आमचे जयसिंगपूर दाराआड गेले. त्याच दिवसांत मोबाईलवर एक मजकूर फिरू लागला. आपल्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे किती शास्त्रीय होते बघा, वरून पाणी ओतणे, बाहेरून आल्यावर आंघोळ करणे, कोणाला शिवू न देणे हे सारे जंतूंपासून बचावासाठीच होते, आणि अस्पृश्यता म्हणजे त्या काळचे विलगीकरणच, असा त्या मजकुराचा सूर होता. शिकलेसवरलेले लोक तो पुढे पाठवत होते. त्यात भर म्हणून सरकारी जाहिरातींत शब्द आला तो सोशल डिस्टन्सिंग. सामाजिक अंतर म्हणजे काय, हे आम्हाला कोणी नव्याने शिकवायला हवे होते काय?

राग आला तरी या युक्तिवादाला उत्तर दिले पाहिजे. आणि उत्तर शोधायला आम्हाला लांब जावे लागत नाही. ज्या राजाने आमचे गाव वसवले, त्याच्या आयुष्यातच ते आहे. राजर्षी शाहू महाराजांनी प्लेग पाहिला, पटकी पाहिली, १९१८ चा इन्फ्लुएंझा पाहिला, आणि त्याच डोळ्यांनी त्यांनी अस्पृश्यताही पाहिली. रोगाचे अंतर कोणते आणि जातीचे अंतर कोणते, याचा निवाडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. आई राधाबाई लहानपणीच गेल्या. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते, आणि दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे वारले. राजकोटला आणि पुढे धारवाडला शिक्षण झाले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी राज्यकारभार हाती आला. तो काळ सुखाचा नव्हता. दोनच वर्षांत दुष्काळ पडला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, कामे काढली. दुष्काळाच्या पाठोपाठ आला प्लेग.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींजवळ, हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. आधी उंदीर पटापट मरत, मग माणसांना कडक ताप येई, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि चार-पाच दिवसांत माणूस संपे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा हे कोणाला ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू हे काम करते, असे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे गेली. औषध नव्हतेच. प्लेगवर गुण देणारे स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, तेवढाच काय तो आधार. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

याच प्लेगने आमच्या सावित्रीमाईंना नेले. पुण्याजवळ डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. ज्या मुलाची सावली टाळली जात होती, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. रोग खरोखर अंगाला चिकटणारा होता, हे माहीत असून घेतले. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतरावही प्लेगच्याच सेवेत गेले.

कोल्हापूर संस्थानात प्लेग शिरला तेव्हा महाराज पंचविशीच्या आत-बाहेर होते. पुण्यात इंग्रज सरकारने गोरे सोल्जर घरात घुसवले, माणसे ओढून नेली, आणि त्यातून जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. कोल्हापुरात महाराजांनी तो मार्ग धरला नाही. लोकांना गावठाणातून उठवून बाहेर रानात, माळावर झोपड्या घालून राहायला लावले, त्यासाठी संस्थानातून मदत केली, लस टोचून घ्यायला लोकांचे मन वळवले, स्वतः हिंडून पाहणी केली. पिसूचे गणित तेव्हा पक्के झाले नव्हते, पण उंदीर मेलेले घर सोडले की माणूस वाचतो, हे लोकांना अनुभवाने कळले होते, आणि राजाने त्या अनुभवाला राज्ययंत्रणेची जोड दिली.

आता या अंतराकडे जरा नीट पाहा. घर सोडायचे ते सगळ्यांनी, ब्राह्मणानेही आणि महारानेही. सोडायचे ते ठरावीक दिवसांसाठी, साथ ओसरली की परत यायचे. प्लेगच्या साथीत बाहेरून आलेल्या माणसाला आठ-दहा दिवस वेगळे ठेवत, कारण जंतू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण त्याहून जास्त दिवस लागत नाहीत. दिवस भरले, ताप आला नाही, की माणूस मोकळा. जातीच्या विलगीकरणाचे दिवस कधी भरले? कोणत्या जंतूला दोन हजार वर्षे लागतात? आणि हा कसला जंतू, जो महाराने रचलेल्या मोळीतून, त्याने राखलेल्या धान्यातून, त्याने भरलेल्या सरकारी चाकरीतून जात नाही, फक्त पाण्याच्या घड्यातून जातो!

उलट खरा रोग या विटाळाने वाढवला. पटकी पाण्यातून पसरते, हे लंडनच्या डॉ. स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवले होते, आणि १८८४ मध्ये कॉख यांनी कलकत्त्याच्या तळ्यात तिचा जंतू शोधला. आमच्या गावोगाव काय चालले होते? चांगल्या विहिरी वरच्या आळीच्या, आणि महारा-मांगांनी ओढ्याचे, डबक्याचे, गुरे पाण्यात बसतात तिथले पाणी प्यायचे. मग पटकी आधी महारवाड्यात मांगवाड्यात आली, की तेच घाणेरडे म्हणून बोट दाखवायचे. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. ते कामही त्यांनीच करायचे, आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. मेलेले ढोर ओढायचे त्यांनी. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचे त्यांनी, मग मयत पटकीचे असो की प्लेगचे. ज्यांना रोगाच्या तोंडी सर्वांत पुढे उभे केले, त्यांनाच रोगी ठरवले. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि आमच्या बापजाद्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा ते तळे शुद्ध करायला शेण आणि गोमूत्राचे घडे ओतले गेले. पिण्याच्या पाण्यात शेण! हे ज्यांना शास्त्रीय वाटते, त्यांनी कॉलऱ्याचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे.

महाराजांना हे कळायला वेळ लागला, असे आमचे मत आहे, आणि ते सांगण्यात त्यांचा अवमान होतो असे आम्हाला वाटत नाही. प्लेग ऐन भरात असताना, १८९९ मध्ये, राजालाच शूद्र ठरवून पुराणोक्त मंत्र सांगितले गेले आणि वेदोक्ताचे प्रकरण उभे राहिले. आपल्याच वाड्यात आपलाच विटाळ, हा धडा त्यांनी तिथे गिरवला. मग २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा आला, ज्याने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मग वसतिगृहे आली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

१९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला, आणि त्याच साली मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला नवी व्यापारी पेठ आखून तिला वडिलांचे नाव दिले. तेच आमचे जयसिंगपूर. गाव व्यापारासाठी वसले, पुढे तंबाखूच्या बाजारामुळे ओळखले गेले. पण आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला आजही पहिले नवल वाटते ते सरळ रुंद रस्त्यांचे आणि नंबर घातलेल्या गल्ल्यांचे. पत्ता सांगताना आम्ही जातीची आळी सांगत नाही, गल्लीचा आकडा सांगतो. प्लेगनंतर मुंबईतही सरकारने १८९८ मध्ये खास ट्रस्ट काढून दाटीची वस्ती फोडली आणि रुंद रस्ते पाडले. दाटी, अंधार आणि धान्यातले उंदीर यांनी माणसे कशी मेली हे ज्या पिढीने पाहिले, त्या पिढीच्या राजाने आखलेले हे गाव आहे.

१९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली. मुंबईच्या बंदरातून आलेल्या या तापाने देशभरात काही महिन्यांत कोटभर माणसे गेली, इतकी की १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. हा रोग श्वासातून पसरत होता, त्याला आळी कळत नव्हती. दवाखान्याचे दार मात्र आळी पाहून उघडत होते. तपासताना अस्पृश्य रुग्णाची नाडी धरायची नाही, औषध वरून टाकायचे, त्याला कोपऱ्यात बसवायचे, हा तेव्हा देशभरातल्या दवाखान्यांतला रिवाज होता. आमच्यापासून काही मैलांवर मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल होते. सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस तिथे जात न विचारता रोग्याला हात लावत होता, आणि आपले देशी डॉक्टर हात आखडत होते.

साथ ओसरते न ओसरते तोच, १९१९ च्या जानेवारीत, महाराजांनी हुकूम काढले. संस्थानच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि दवाखान्यांत अस्पृश्यांना समतेने आणि ममतेने वागवलेच पाहिजे. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनाम्याची नोटीस द्यावी, आणि त्याला पेन्शन मिळणार नाही. पेन्शनची ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. धर्माचा आधार सांगणाऱ्याशी महाराज धर्मावर वाद घालत बसले नाहीत, त्याच्या पगारपत्रकाला हात घातला. रोगी हा रोगी आहे, त्याच्यापासून दूर राहायचे असेल तर ते रोगाच्या कारणाने, आणि तेही उपचार थांबवून नव्हे, हा त्या हुकुमाचा अर्थ होता.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. महाराजांच्या चाकरीतल्या या माणसाने सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारले गेले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना कोल्हापुरात सत्यसुधारक हॉटेल काढायला लावून तिथला चहा स्वतः घेतला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. चहाचे पाणी उकळलेले असते. त्यातून पटकी पसरत नाही. जे पसरेल अशी भीती घातली जात होती, ते महाराजांनी चारचौघांत घोट घेऊन खोटे पाडले.

१९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, आणि मार्चमध्ये आमच्या शेजारच्या माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे जाहीर केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉजवर त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

प्लेग अजून पूर्ण गेलेला नाही. १९९४ साली तो आमच्याच महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेला दिसला. पण आमच्या शिरोळ तालुक्याला आता भीती आहे ती पुराची. २००५, २०१९, २०२१, कृष्णा आणि पंचगंगा गावात शिरल्या आणि जयसिंगपूर उंचावर असल्याने तालुक्यातील माणसे आमच्याकडे आली. पूर ओसरला की लेप्टोचा धोका असतो. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या साध्या भेगेतून हा जंतू शिरतो. बचाव साधा आहे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातमोजे, आणि चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची गोळी.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी उतरल्यावर आम्ही तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. गटारे गाळाने भरलेली, मेलेली जनावरे कुजलेली. ती ओढून काढणारी पाच-सहा पोरे कंत्राटावरची होती. आडनावे विचारली, पाचही आमचीच निघाली. पायात स्लिपर होत्या. गमबूट आलेत, पण ते अजून गोडाऊनमध्ये आहेत, सही व्हायची आहे, असे मुकादमाने सांगितले. गोळीचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. पाणी प्यायला त्यांना बाटली दिली होती ती मात्र वेगळी, झाकणावर लाल खूण केलेली.