होमी भाभा आणि छातीवरचा बिल्ला

डॉ. होमी भाभा हे नाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांना ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट आठवतो, किंवा शाळेच्या पुस्तकातला तो सुटाबुटातला रुबाबदार चेहरा. मला मात्र आठवतो तो खिशाला अडकवायचा एक छोटासा बिल्ला. पवईतील एका रुग्णालयात मी विकिरण सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. क्ष-किरण, सीटी स्कॅन, अँजिओग्राफी अशा खोल्यांत वावरणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर हा बिल्ला असतो. त्याच्या आतल्या चकत्या अंगावर पडलेल्या किरणांची नोंद साठवतात. दर तीन महिन्यांनी बिल्ले मोजणीसाठी प्रयोगशाळेत जातात आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आकडा येतो. हा बिल्ला काही भाभांनी शोधला नाही. पण ज्या व्यवस्थेमुळे तो साध्या तंत्रज्ञाच्या छातीपर्यंत पोहोचला, तिची मुळे त्यांच्या आयुष्यात आहेत. त्यांच्या चरित्राची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

भाभांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९ चा. घर सुखवस्तू पारशी, वडील जहांगीर कायदेपंडित. सख्खी आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. साहजिकच मुलाने केंब्रिजला जाऊन इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता. १९२७ साली होमी केंब्रिजला गेला, पण त्याचे मन यंत्रांपेक्षा भौतिकशास्त्रात रमले. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग हवे ते शीक, अशी वडिलांची अट होती. मुलाने १९३० साली ती पुरी केली आणि मग आपली वाट धरली.

याच काळात, १९३१ साली, मेहेरबाई ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, परदेशी वारल्या. होमी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पत्नीच्या आठवणीत दोराबजींनी १९३२ साली ल्युकेमियाच्या संशोधनासाठी स्वतंत्र न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे टाटांच्या देणगीतून परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याची दारे उघडली. तेच आपले टाटा रुग्णालय.

भाभा मात्र तेव्हा विश्वकिरणांच्या अभ्यासात गढलेले होते. १९३९ साली सुटीवर मायदेशी आले, महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात, त्यांनी काम सुरू केले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ साली ती सुरू झाली आणि वर्षअखेर मुंबईला, पेडर रोडवरील एका बंगल्यात, आली. १९४८ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी (त्या काळच्या सोव्हिएत संघाचा अपवाद सोडून) चालू झाली.

अणुभट्टीबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, रोगनिदानासाठी लागणारी किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. दुसरी, माणसांना किरणांपासून जपणे आवश्यक झाले. मादाम क्यूरी १९३४ साली रक्ताच्या विकाराने वारल्या, त्यामागे आयुष्यभर अंगावर घेतलेली किरणे होती. हा धडा जगापुढे होता. भट्टी बांधायची तर तिच्याजवळ उभे राहणाऱ्यांच्या अंगावर काय पडते तेही मोजायचे, म्हणून ट्रॉम्बेत आरोग्य-भौतिकीचा विभाग उभा राहिला आणि डॉ. ए. के. गांगुली यांनी तो नावारूपाला आणला. पन्नासच्या दशकात फिल्मचे बिल्ले आले, सत्तरच्या दशकात त्यांची जागा आजच्या चकत्यांनी घेतली.

त्या विभागांत घडलेले शास्त्र घरच्या भाषेत सांगता येते. चुलीची धग सोसत नसेल तर आपण तीनच गोष्टी करतो : थोडाच वेळ थांबतो, लांब सरकतो किंवा मध्ये आडोसा धरतो. किरणांचेही तेच. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, आणि शिशाचा एप्रन हा आडोसा. आमच्याकडे एकदा एका तंत्रज्ञाच्या नावापुढे भलताच मोठा आकडा आला. घरी बायको गरोदर, त्यामुळे बिचारा हादरला. शोध घेतला तेव्हा कळले की बिल्ला एप्रनला तसाच राहिला होता आणि एप्रन क्ष-किरणांच्या खोलीत टांगलेला होता. किरणे बिल्ल्याने खाल्ली होती, माणसाने नव्हे!

१९६२ हे वर्ष या कथेत मोलाचे. त्या वर्षी अणुऊर्जा कायदा झाला आणि किरणांच्या सुरक्षेला कायद्याचे बळ मिळाले. त्याच वर्षी टाटा रुग्णालय आरोग्य मंत्रालयाकडून अणुऊर्जा विभागाकडे आले. आत्याच्या आठवणीपोटी हे घडले असे म्हणण्याचा मोह होतो, पण कारण व्यवहारी होते : कर्करोगाच्या उपचारात किरणांचे स्थान मोठे होणार, हे भाभांनी ओळखले होते. पुढच्याच वर्षी परळला विकिरण औषध केंद्रही निघाले. भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एका छपराखाली आले ते असे.

हा माणूस चित्रे काढी, पाश्चात्त्य संगीतात बुडून जाई, झाडे जिवापाड जपी. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वय अवघे छप्पन्न.

त्यांच्या व्यवस्थेत एक उणीव राहिली, तीही सांगायला हवी. अणुऊर्जा वाढवणारे आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे एकाच घरातले होते. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन व्हायला १९८३ उजाडले. आणि नियम असूनही डोळा चुकला की काय होते ते २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत दिसले. कोबाल्टचा टाकून दिलेला स्रोत भंगारात गेला आणि एका माणसाचा जीव घेऊन गेला.

मला हा प्रश्न रोज भेटतो, कारण ज्या रुग्णालयाचा पगार मी घेतो त्याच्याच यंत्राला प्रसंगी ‘थांबा’ म्हणणे हे माझे काम आहे. बाहेर रुग्ण ताटकळलेले असतात, डॉक्टर घाईत असतात, आणि दाराचा दिवा किंवा भिंतीतले शिसे तपासायला कोणालाच वेळ नसतो. अशा वेळी हातात असते ती फक्त नोंदवही. कर्मचाऱ्याची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसीव्हर्टच्या आत राहिली पाहिजे, आणि कोणत्याही एका वर्षी तीसच्या वर जाता कामा नये. भाभांनी मोठमोठ्या संस्था उभारल्या, त्यांची स्मारकेही आहेत. पण त्यांच्या कामाची खरी परीक्षा, मला वाटते, या वहीत होते. वॉर्डबॉयच्या नावापुढचा आकडा डॉक्टरांच्या आकड्याइतक्याच काळजीने लिहिला जातो की नाही, एवढेच तिथे पाहायचे.