सर टॉमस मन्रो आणि चावडीवरचा न्याय

बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तो एप्रिल 1818 मध्ये. तो घेणारा सेनानी टॉमस मन्रो आपल्या कानडी मित्रांना अधिक ओळखीचा आहे. मंत्रालयाच्या राघवेंद्रस्वामींनी त्याला वृंदावनातून दर्शन दिले ही आख्यायिका त्यांच्या घरांतून सांगितली जाते. मराठी वाचक त्याला पेशवाई बुडविणाऱ्यांपैकी एक एवढेच समजतो. मला मात्र हा मनुष्य निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. फौजदारी न्याय गावाच्या वेशीपर्यंत आणावा आणि त्यासाठी गावातलाच मनुष्य नेमावा, हा हट्ट त्याने धरला व कायद्यात उतरविला. त्या हट्टाला एक काळी बाजूही आहे.

मन्रोचा जन्म 27 मे 1761 रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडिलांचा व्हर्जिनियाशी चालणारा व्यापार अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बुडाला आणि मुलाला नोकरी शोधणे भाग पडले. 1780 साली तो कंपनीच्या पायदळात कॅडेट म्हणून मद्रासला उतरला. हैदर आणि टिपू यांच्याशी झालेल्या लढायांत तो होता. पण त्याचे खरे शिक्षण झाले ते 1792 नंतर, टिपूकडून मिळालेल्या बारामहाल प्रांतात, वसुलीच्या कामावर. पुढे कानडा जिल्हा, आणि 1800 ते 1807 बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा निजामाने दिलेला मुलूख. तंबू टाकीत गावोगाव फिरायचे, कुळकर्ण्याचे दप्तर पाहायचे, रयतेशी थेट बोलायचे, हा त्याचा क्रम. रयतवारीचा पुरस्कर्ता म्हणून आपण त्याला परीक्षेपुरते पाठ करतो. न्यायाविषयीची त्याची मते याच भटकंतीत पक्की झाली, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

1802 मध्ये कॉर्नवॉलिसची बंगालमधील पद्धत मद्रास इलाख्यात आली. जिल्ह्याला एक गोरा न्यायाधीश, मॅजिस्ट्रेटही तोच, आणि हाताखाली दरोगे. कागदावर व्यवस्था चोख होती. पण बांधावरून दोघांची मारामारी झाली तर फिर्यादीने साक्षीदारांना घेऊन किती कोस चालायचे? पेरणी सोडून किती दिवस जिल्ह्याच्या गावी बसायचे? त्यापेक्षा गप्प बसणे परवडे. ज्या पाटलाला सारा गाव ठाऊक, त्याच्या हाती काही नाही आणि ज्याच्या हाती सारे, त्याला गाव ठाऊक नाही, ही मन्रोची तक्रार होती.

1807 मध्ये तो मायदेशी परतला. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी, 1813 साली, पार्लमेंटपुढे त्याची साक्ष झाली आणि 1814 मध्ये न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या कमिशनचा प्रमुख म्हणून तो पुन्हा मद्रासला आला. तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा विरोध मोठा होता. तरी 1816 मध्ये कायदे झाले. गावच्या मुख्याला लहान दिवाणी दावे ऐकण्याचा अधिकार मिळाला, पंचायतींना मान्यता मिळाली. दरोगे गेले आणि पोलिसांचे काम पाटील व तहसीलदार यांच्याकडे आले. मॅजिस्ट्रेटचे अधिकार न्यायाधीशाकडून काढून कलेक्टरला देण्यात आले. शिवीगाळ, किरकोळ हाणामारी असल्या प्रकरणांत पाटलाने आरोपीला बारा तासांपर्यंत चावडीत कोंडावे, अशी तरतूद झाली.

पण त्याच कलमात पुढे असे आहे की, आरोपी खालच्या मानलेल्या जातीचा असेल तर त्याला सहा तासांपर्यंत खोड्यात घालता येईल. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. गावाची माहिती असणारा न्यायाधीश हवा, हे मला पटते. पण गावाच्या माहितीत गावाची उतरंडही येते. परका दरोगा निदान उपरा होता. पाटील कोणत्या आळीत राहतो, हे महारवाड्याला विचारायला हवे होते. ते कोणी विचारले नाही.

पुढच्याच वर्षी मराठ्यांशी युद्ध पेटले. धारवाडला मन्रोजवळ फौज तुटपुंजी होती. त्याने शिबंदी उभारली आणि प्रांत पुरता जिंकण्याआधीच स्थानिक अमलदार नेमून त्यांना ठाणी बसविण्यास धाडले. बदामी, बेळगाव, सोलापूर याच मोहिमेत पडले. 1820 मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला. निरोपाच्या दौऱ्यावर, आपल्या आवडत्या जुन्या मुलखात, पत्तिकोंडा येथे 6 जुलै 1827 रोजी पटकीने तो वारला.

त्याच्या व्यवस्थेचा जमाखर्च मात्र पुढे मांडला गेला. सारा वसूल करणारा, गुन्हेगार पकडणारा आणि शिक्षा देणारा हात एकच झाला होता. मद्रास सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनने 1855 मध्ये अहवाल दिला. सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो, हे त्यात उघड झाले. 1859 च्या कायद्याने मद्रासमध्ये पोलीस खाते वेगळे निघाले. बेळगाव तेव्हा ज्या मुंबई राज्यात होते, तेथे न्याय आणि अंमल वेगळे करणारा कायदा 1951 मध्ये झाला. देशभरासाठी ती विभागणी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली आणि 2023 च्या नव्या संहितेनेही ती ठेवली आहे. खटला आता न्यायिक मॅजिस्ट्रेटपुढे चालतो. पण शेजाऱ्यांचे भांडण विकोपाला जाईल अशी खबर पोलिसांनी दिली, तर शांततेचा जामीन लिहून द्यायला आपल्याकडे आजही तहसीलदारापुढेच उभे राहावे लागते.